कालेया की सालोऊ? समुद्रकाठचं चार तारे हॉटेल, सोबत आई-बाबा आणि सहा वर्षांची मुलगी

निळीछत्री:

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात स्पेनच्या कातालोनिया किनाऱ्यावर सहा रात्री राहायचंय. आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर ते किलोमीटरभर आरामात चालतात, पण जिने आणि ओली फरशी नको. एक दिवस बार्सिलोना, बाकी दिवस पाणी, वाळू आणि लोळणं एवढाच बेत आहे.

तीन हॉटेलांवर येऊन अडलंय. तिन्ही चार तारे, तिन्हींचं अलीकडे नूतनीकरण झालेलं, भावही उन्नीस-बीस. एक कालेयात, "प्रिमेरा लिनेआ" म्हणजे पहिल्या रांगेत असं लिहिलंय. दुसरं सालोऊत दुसऱ्या रांगेत, वाळूपासून ३०० मीटर. तिसरं योरेत दे मारमध्ये. फोटो बघून काही कळत नाही, सगळीकडे तोच निळा पोहण्याचा तलाव आणि तीच पांढरी चादर. पहिल्या रांगेतलं सोडून दुसऱ्या रांगेतलं घेणं वेडेपणा आहे का? खोली निवडताना काय बघायचं? हाफ बोर्ड घ्यावं का? आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही.

रूळाकडेचा:

वेडेपणा अजिबात नाही. "पहिली रांग" याचा अर्थ एवढाच की हॉटेल आणि समुद्र यांच्या मध्ये दुसरी इमारत नाही. इमारतीखेरीज मध्ये काय आहे, ते त्या दोन शब्दांत येत नाही. कालेयाच्या बाबतीत मध्ये रेल्वे आहे.

बार्सिलोना ते मातारो ही आयबेरियन द्वीपकल्पातली पहिली रेल्वे, १८४८ सालची. पुढे ती किनाऱ्यालगत उत्तरेकडे वाढत गेली. आज त्याच मार्गावर रोदालिएस या लोकल सेवेची आर-१ गाडी धावते आणि मारेस्मे, म्हणजे बार्सिलोनाच्या उत्तरेच्या किनारपट्टीतल्या, बहुतेक गावांत ती गाव आणि वाळू यांच्या मधून जाते. कालेयात गावाच्या बाजूला झाडांचा लांबलचक पासेच, म्हणजे फिरायचा रस्ता, मग कुंपण, मग रूळ, मग वाळू. पलीकडे जायला भुयारी मार्ग. हॉटेलच्या दारातून वाळू ६० मीटरवर दिसत असली तरी पायांना पडणारं अंतर भुयार कुठे आहे त्यावर ठरतं. काही भुयारांना उतार आहे, काहींना फक्त पायऱ्या. बाबांचा गुडघा इथेच अडेल. म्हणून हॉटेलला "समुद्र किती लांब" हे विचारू नका. "तुमच्या दारापासून वाळूपर्यंत पायऱ्या नसलेली वाट आहे का आणि ती किती मीटर" असं विचारा. उपग्रह नकाशावर रूळ स्वच्छ दिसतात, तिथे आधी स्वतः बघून घ्या. पुढे सांता सुसाना, मालग्रातकडेही हेच करायचं, कारण रूळ सगळीकडे समुद्रापासून सारख्या अंतरावर नाहीत.

गाडीच्या आवाजाचा बाऊ मात्र करू नका. लोकल आहे, रात्री बंद असते. नव्या हॉटेलांच्या खिडक्यांना दुहेरी काच असते, दार लावलं की संपलं. बाल्कनीचं दार उघडं ठेवून झोपायचं असेल तर पहाटेच्या पहिल्या गाडीला जाग येणारच.

आता वाळू, आणि माझ्या मते तुमचा निकाल इथेच लागतो. मारेस्मेच्या मागचे डोंगर ग्रॅनाइटचे. त्याचा भुगा ओढ्यांतून खाली येतो, म्हणून तिथली वाळू जाडी, रव्याहून बरीच भरड. अंगाला चिकटत नाही, झटकली की गेली, पाणीही त्यामुळे नितळ. पण भरड वाळूचा किनारा उभ्या उताराचा असतो. पाण्यात तीन-चार पावलं टाकली की मोठ्या माणसाच्या कमरेला पाणी. लाट लांब न फुटता थेट काठावर आपटते आणि मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. पोहणाऱ्याला मजा. सहा वर्षांच्या पोरीला आणि गुडघेवाल्या आजोबांना तीच जागा सर्वांत वाईट, कारण बाहेर येताना नेमका तोल जातो. योरेतचा मोठा किनाराही याच जातीचा.

सालोऊचा किनारा कोस्ता दोरादाचा, म्हणजे बार्सिलोनाच्या दक्षिणेकडच्या किनारपट्टीतला. वाळू बारीक आणि उतार इतका मंद की बरंच आत गेलं तरी पाणी मांडीपर्यंतच. प्लाया दे येवांत हा तिथला मुख्य किनारा सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब, मागे ताडांच्या रांगेचा सपाट पासेच जाउमे प्रिमेर. तुमच्या मंडळींना दुसऱ्या रांगेतलं सालोऊ पहिल्या रांगेतल्या कालेयापेक्षा जास्त समुद्र देईल. तोटा एवढाच की बारीक वाळू कानात, केसांत, पिशवीच्या शिवणीत, सगळीकडे जाते आणि खोलीतल्या न्हाणीची जाळी तुंबते. पाय धुवायचे नळ किनाऱ्यावरच असतात, तिथेच धुवून निघा.

योरेत तुमच्यासाठी यादीतून काढा. हॉटेलं चढावर आहेत, रेल्वे नाही आणि मधल्या भागात रात्रीचा गोंगाट भरपूर.

बाल्कनी_सातवा_मजला:

वरच्या उत्तराशी सहमत. मी खोलीपुरतं लिहितो, कारण चांगलं हॉटेल घेऊन चुकीची खोली पदरात पडणं हेच जास्त वेळा होतं.

आधी ताऱ्यांचं. स्पेनमध्ये तारे देतं ते त्या त्या स्वायत्त प्रदेशाचं सरकार, आणि देताना मुख्यतः खोलीचं क्षेत्रफळ आणि सोयी मोजतं. दारावरच्या निळ्या पाटीवर एच आणि तारे असतात; एच-ए असेल तर ते छोट्या स्वयंपाकघराचं अपार्टमेंट हॉटेल. किनारा कसा, शांतता किती, जेवण कसं, याचा ताऱ्यांशी काही संबंध नाही.

"व्हिस्ता मार" म्हणजे समुद्र दिसतो. "व्हिस्ता मार लातेराल" म्हणजे बाल्कनी रस्त्याकडे किंवा शेजारच्या हॉटेलकडे, आणि कठड्यावरून मान वळवली की निळी पट्टी. "फ्रोंताल" लिहिलं असेल तरच समोर. लातेरालसाठी जादा पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ते पैसे वरच्या मजल्यासाठी मोजा. पूर्व-आग्नेय तोंडाच्या बाल्कनीत सकाळी ऊन भरतं आणि दुपारी सावली येते, सप्टेंबरात ही दिशा उत्तम. समुद्रात सूर्य बुडताना दिसेल अशी आशा मात्र ठेवू नका. हा किनारा सूर्योदयाचा.

तलावाच्या बाजूची खोली दिवसा छान वाटते. पण संध्याकाळचा करमणुकीचा कार्यक्रम, ज्याला तिथे "आनिमासियोन" म्हणतात, बहुधा तलावाकाठच्याच मंचावर असतो आणि अकरा-साडेअकरापर्यंत चालतो. मुलगी लवकर झोपत असेल तर "तलावाच्या मंचावरची खोली नको" असं आरक्षणातच लिहा. दुसरी टाळायची जागा म्हणजे स्वयंपाकघराच्या धुराड्याची बाजू. पहाटे साडेपाचपासून पंखा घुरघुरतो.

बाबांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं: न्हाणीघर. नूतनीकरण झालेल्या हॉटेलातही सगळ्या खोल्या एकसारख्या नसतात. काहींत "बान्येरा" म्हणजे टब असतो, त्यावर काचेचा अर्धाच पडदा. ४५-५० सेंटिमीटर उंच कड ओलांडून आत जायचं आणि उभ्यानं अंघोळ करायची. पाणी अर्ध्या काचेतून बाहेर उडून फरशी ओली. तुम्हाला हवी ती "प्लातो दे दुचा", म्हणजे जमिनीसरशी किंवा चार बोटं कडेची शॉवरची जागा. हे दोन शब्द पत्रात लिहा आणि उत्तरात "निश्चित" हा शब्द येईपर्यंत सोडू नका. "विनंती नोंदवली" याचा अर्थ शून्य. पूर्ण सपाट न्हाणी आणि हाताला दांडे हवे असतील तर "आबितासियोन आदाप्तादा" मागावी, पण अशा खोल्या मोजक्याच असतात. संडासात पाण्याचा फवारा नसतो आणि नव्या खोल्यांतून बिडे, म्हणजे बसून धुवायचं भांडंही काढून टाकलंय. एक छोटा मग सोबत ठेवा.

दोन खोल्या घेताय तर शब्दांचा घोळ टाळा. "कोन्तिग्वास" म्हणजे नुसत्या शेजारी. "कोमुनिकादास" म्हणजे आतून दार असलेल्या. डबल बेड म्हणजे बहुधा ९० किंवा १०५ सेंटिमीटरचे दोन पलंग जोडलेले असतात. मुलीसाठी सोफा-कम-बेड आहे की घडीचा जादा पलंग, ते विचारा. घडीचा पलंग उघडला की बाल्कनीकडे जायची वाट बंद होते.

आता एसी. "बंद आहे" म्हणून रिसेप्शनला जे फोन जातात, त्यांतल्या बऱ्याच वेळा एसी ठणठणीत असतो. बाल्कनीच्या दाराला चुंबकी संवेदक असतो, दार उघडं असेल तर थंडावा तोडतो. सरकत्या दाराच्या खालच्या खाचेत वाळू साठते, दार वरवर लागलेलं दिसतं पण दोन-तीन मिलिमीटर फट राहते. खाच ओल्या कागदानं पुसा, दार शेवटपर्यंत रेटा, मूठ पूर्ण खाली करा आणि दोन मिनिटं थांबा. तरी पंखा कोमट हवाच फेकत असेल तर कारण वेगळं. पुष्कळ मध्यम हॉटेलांत दोन नळ्यांची यंत्रणा असते: एका नळीतून पाणी येतं, दुसरीतून परत जातं, म्हणजे एका वेळी अख्ख्या इमारतीला एकतर गार पाणी नाहीतर गरम. हंगाम बदलला की मुख्य यंत्र फिरवतात. तुमच्या तारखांना ते बहुधा गारच असेल. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये मात्र रिमोटवर १८ करा नाहीतर १६, काही होणार नाही, पंखा मागून घ्या.

दाराजवळच्या खाचेत कार्ड घातलं की वीज येते. बाहेर पडताना कार्ड काढलं की प्लगही बंद होतात, फ्रिज तेवढा चालू राहतो. दिवसा फोन-कॅमेरा चार्ज करायचे असतील तर आल्या आल्या दुसरं कार्ड मागून घ्या. तिजोरीचं भाडं रोजचं वेगळं असू शकतं. किटली नसली तर "एर्व्हिदोर" मागा, रिसेप्शनला मोजक्या ठेवलेल्या असतात.

ताटवाढी:

हाफ बोर्डबद्दल. तिथल्या भाषेत "मेदिया पेन्सियोन", आरक्षणावर एम-पी. नाश्ता आणि रात्रीचं जेवण. टी-आय म्हणजे सगळं समाविष्ट, ए-डी म्हणजे फक्त नाश्ता.

पहिली गफलत पाण्यापासूनच. एम-पीत जेवतानाचं पेय बहुतेक ठिकाणी धरलेलं नसतं. टेबलावर बसलात की वाढपी विचारतो काय आणू, तुम्ही पाणी म्हणता, तो बाटली आणतो आणि ती खोलीच्या खात्यावर चढते. सहा रात्री, पाच माणसं, हिशेब करा. २०२२ च्या कचराविषयक कायद्यानं, म्हणजे ७/२०२२ नं, खानपानाच्या प्रत्येक ठिकाणी बाटलीबंद नसलेलं पाणी फुकट द्यावंच लागतं. "आग्वा देल ग्रिफो" म्हणजे नळाचं पाणी, किंवा "उना हार्रा दे आग्वा" म्हणजे एक जग पाणी, असं सांगा. पाणी जड आहे, क्लोरीनची चव लागते, पण पिण्यायोग्य असतं.

आईंच्या जेवणाचं जरा नीट वाचा, इथे भले भले फसतात. बुफेतल्या प्रत्येक भांड्यापुढे छोट्या चित्रांची पाटी असते. ती शाकाहाराची पाटी नाही. युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमानुसार १४ प्रकारचे ॲलर्जीकारक पदार्थ सांगणं बंधनकारक आहे, ती त्यांची चित्रं. त्या १४ मध्ये अंडं आहे, दूध आहे, मासे आहेत, कवचाचे जलचर आहेत. मांस नाही, कारण मांस हा त्या यादीतला ॲलर्जीकारक पदार्थ नाही. म्हणजे अंडं आणि मासळी टाळायला ही चित्रं झकास उपयोगी, पण हरभऱ्याच्या रश्श्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असले तरी पाटीवर त्याचं चित्र दिसणार नाही. वाटाणे, फरसबी, पालक या "भाज्या" हामोनच्या, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या, बारीक तुकड्यांवर परतलेल्या असणं अगदी नेहमीचं. क्रोकेतास या तळलेल्या वड्यांमध्ये बहुधा हामोनच. एन्सालादिया रुसा म्हणजे बटाट्याची सॅलड, तिच्यात ट्यूना आणि अंड्याचं मेयोनेज. तोर्तिया म्हणजे तिथे ऑम्लेट, त्यात अंडं आलंच.

"सोय व्हेहेतारियाना" एवढंच सांगितलं तर कुणीतरी हमखास ट्यूना सुचवतो. "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन उएव्हो" असं चारही तुकड्यांत सांगा. हामोन वेगळं म्हणायचं, कारण पुष्कळांच्या डोक्यात ते "कार्ने"मध्ये मोजलंच जात नाही. पहिल्या रात्री हॉलच्या प्रमुखाला, "मेत्र"ला, भेटून सांगितलं तर स्वयंपाकघरातून साधा पास्ता, भाजलेल्या भाज्या किंवा भात वेगळा करून देतात. बिनधोक गोष्टी: पा आम तोमाकेत (पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल), एस्कालिव्हादा म्हणजे भाजलेली वांगी आणि मिरच्या, फक्त वर आँचोव्ही मासा ठेवलेला नाही ना ते बघून. गास्पाचो म्हणजे टोमॅटोचं गार सूप, फळं, चीज, ऑलिव्ह. सहा दिवस यावर निघतात, पण सहाव्या दिवशी कंटाळा येतो हेही खरं. म्हणून मी एम-पी घेऊ नये म्हणेन. ए-डी घ्या. सालोऊत रात्री बाहेर खाण्याची भरपूर ठिकाणं आहेत आणि बार्सिलोनाच्या दिवशी तुम्ही परतेपर्यंत बुफे संपलेला असेल. चुकलेलं जेवण दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाही. फार तर आदल्या संध्याकाळी सांगितलं तर त्याऐवजी "पिकनिक", म्हणजे बांधून डबा देतात, त्यात सँडविच असतं आणि त्यात पुन्हा हामोन.

पासहोल्डर:

रूळाकडेचा यांनी कालेयावर जरा जास्तच काट मारली. बार्सिलोनाचा दिवस धरला तर कालेया सोपं: आर-१ मध्ये बसा, शहराच्या मध्यावर प्लासा कातालुन्याला उतरा, सव्वा तासाच्या आसपास, बदली नाही. परतताना समुद्र उजव्या हाताला असेल ती गाडी कालेयाकडे चाललीय, एवढी खूण पुरे. आरेन्यस दे मारच्या पुढे एकेरी रूळ आहे, त्यामुळे तिथून वर गाड्या कमी आणि एक उशिरा आली की मागच्या सगळ्या उशिरा. परतीच्या विमानाच्या दिवशी दीड-दोन तास हातात ठेवा. विमानतळावरून येताना आर-२ नोर्द पकडून बार्सिलोनाच्या सान्त्स स्टेशनला आर-१ वर बदलायचं.

सालोऊला मात्र गाडीचं गणित बदललंय आणि जुनी माहिती अजून फिरत असते. जानेवारी २०२० मध्ये समुद्रालगतची जुनी रेल्वे बंद झाली आणि गावातलं स्टेशन गेलं. आता जवळचं स्टेशन पोर्ट आव्हेंतुरा या करमणूक उद्यानाकडचं, गावाच्या कडेला. दुसरा सापळा अतिवेगवान गाडीचा. "काम्प दे तारागोना" हे स्टेशन तारागोना शहरात नाही, दहाएक किलोमीटर आत माळावर आहे. बार्सिलोनाहून अर्ध्या-पाऊण तासात पोचाल आणि मग बसची वाट बघत बसाल. सामान, मूल आणि ज्येष्ठ असताना बार्सिलोना विमानतळावरून थेट सालोऊला जाणारी बस बरी, दीड तासाच्या आसपास. आरक्षण आधी करा. विमान सालोऊजवळच्या रेउसला उतरत असेल तर प्रश्नच मिटला.

गाडी भाड्यानं घेणार असाल तर एपी-७ आणि सी-३२ च्या बार्सिलोनाच्या उत्तरेकडच्या भागावरचे टोल सप्टेंबर २०२१ पासून गेलेत; सी-३२ च्या दक्षिणेकडच्या भागावर टोल आहेच. अडचण पार्किंगची. हॉटेलचं तळघर बहुधा अरुंद, जागा कमी आणि भाडं रोजचं.

रूळाकडेचा:

गाडीचा मुद्दा मान्य. पण बार्सिलोना एक दिवस आणि किनारा पाच दिवस आहे, म्हणून माझं मत तेच. पार्किंगवरून आठवलं: मारेस्मेतल्या गावांत "रिएरा" नावाचे रुंद रस्ते थेट समुद्राकडे उतरतात. ते मुळात ओढे आहेत, वर्षभर कोरडे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा तिथला धुवाधार पावसाचा काळ, आणि डोंगरात पाऊस पडला की तासाभरात त्या रस्त्यातून गढूळ पाण्याचा लोंढा येतो. "रिएरा"ची पाटी असेल तिथे पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी गाडी लावू नका. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस समुद्रातही उतरू नये, सगळी घाण तिथेच गेलेली असते.

निळीछत्री:

सगळ्यांचे आभार, सालोऊ पक्कं करतेय. ए-डी, दोन "कोमुनिकादास", "प्लातो दे दुचा". तीन शंका राहिल्या. हॉटेलच्या साइटवर "किनाऱ्यावर खुर्च्या उपलब्ध" आहे, त्या फुकट का? पर्यटन कर वेगळा लागतो म्हणे, किती? आणि जेलीफिशची मुलीला फार भीती आहे.

बाल्कनी_सातवा_मजला:

खुर्च्या फुकट नसतात आणि हॉटेलच्याही नसतात. १९८८ च्या किनारा कायद्यानं स्पेनमधली वाळू सार्वजनिक आहे, हॉटेलला खासगी किनारा ठेवता येत नाही. नगरपालिका हंगामापुरता ठेका देते, ठेकेदार खुर्ची-छत्री भाड्यानं देतो. स्वतःचा पंचा अंथरायला कुणी अडवू शकत नाही. हॉटेलच्या तलावाकाठच्या खुर्च्या मात्र तुमच्याच. तिथले पंचे अनामत ठेवून मिळतात, त्यासाठी एक कार्ड देतात. ते हरवलं की अनामत गेली, म्हणून पाचही कार्डं एकाच पाकिटात ठेवा. सकाळी सातला पंचा टाकून खुर्ची अडवायची चाल बऱ्याच ठिकाणी बंद केलीय, कर्मचारी पंचे उचलून नेतात. आतला झाकलेला तलाव वापरणार असाल तर डोक्याला टोपी सक्तीची असू शकते.

कर: कातालोनियात तो माणशी दर रात्री लागतो, सलग मुक्कामात जास्तीत जास्त ७ रात्रींचा, आणि १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ. म्हणजे तुमच्याकडे चौघांचा सहा रात्रींचा. दर हॉटेलच्या वर्गावर ठरतो आणि अधूनमधून वाढतो. तो आरक्षणाच्या रकमेत आहे की तिथे गेल्यावर द्यायचा, तेवढं विचारून ठेवा. १० टक्के व्हॅट छापील भावात धरलेला असतो.

पासपोर्ट सगळ्यांचे लागतील. डिसेंबर २०२४ पासून हॉटेलांना ९३३/२०२१ या फर्मानानुसार जास्तीची माहिती भरावी लागते: घरचा पत्ता, फोन, ईमेल, पैसे कसे भरले, आणि अल्पवयीन मुलाचं सोबतच्या मोठ्यांशी नातं. १४ वर्षांवरचा प्रत्येकजण सही करतो. आधी ऑनलाइन भरून पाठवलं तर काउंटरवर अर्धा तास वाचतो. खोली बहुधा दुपारी तीननंतर. लवकर पोचलात तर सामान ठेवून किनाऱ्यावर जा, पोहण्याचे कपडे तेवढे वरच्या पिशवीत असू द्या. शेवटच्या दिवशी खोली सोडल्यावर अंघोळीला "दुचा दे कोर्तेसिया"ची चावी मागा.

तक्रारीची वेळ आलीच तर "ओहास दे रेक्लामासियोन" मागा. हे अधिकृत फॉर्म ठेवणं हॉटेलला बंधनकारक आहे आणि नुसतं नाव काढल्यावरही बऱ्याचदा दुसरी खोली सापडते.

रूळाकडेचा:

जेलीफिशचं. त्या पट्ट्यात डंखाचा त्रास देते ती प्रामुख्यानं पेलाजिया नोक्तिलुका, जांभळट, तळहाताएवढी, लांब धाग्यांची. वारा समुद्राकडून सलग वाहिला की ती काठाला येते, वारा फिरला की जाते. रोज बघायचं ते जीवरक्षकाच्या मनोऱ्यावर: हिरवा झेंडा, पिवळा, लाल, आणि जेलीफिश असेल तर तिचं चित्र असलेला वेगळा पांढरा झेंडा. सप्टेंबरच्या मध्यानंतर जीवरक्षकांच्या वेळा कमी होतात, काही किनाऱ्यांवर सेवा बंदही होते. झेंडाच नाही याचा अर्थ "सुरक्षित" असा घेऊ नका. "कुणी बघत नाहीये" एवढाच तो अर्थ.

डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं. गोडं पाणी ओतलं की कातडीवर राहिलेल्या न फुटलेल्या डंखपेशी फुटतात आणि दाह वाढतो. पंच्यानं चोळल्यानंही तेच होतं. धागा चिकटला असेल तर चिमट्यानं किंवा कार्डाच्या कडेनं उचला. मग पिशवीत बांधलेला बर्फ, पंधराएक मिनिटं, बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. या जातीला व्हिनेगर लावू नये.

सालोऊसारख्या बारीक वाळूच्या उथळ पाण्यात खरी काळजी दुसऱ्याच प्राण्याची. "आरान्या" नावाचा मासा वाळूत रुतून बसतो, पाठीवरचा काटा तेवढा वर. पाय पडला की जीवघेणी कळ येते. इथे उपाय अगदी उलटा: गरम पाणी, ४० ते ४५ अंश, पाय अर्धा तास ते तासभर त्यात. त्याचं विष उष्णतेनं निकामी होतं, बर्फानं नाही. आधी आपला हात घालून बघा, कळीमुळे पोराला भाजतंय ते कळत नाही. पाण्यात उतरताना मुलीच्या पायात रबरी बूट घातले की काटा लागण्याची शक्यता बरीच कमी होते. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर ११२.

काठावर तपकिरी, वाळलेल्या फितींचे ढीग दिसले तर तो कचरा नाही. पोसिदोनिया या समुद्री गवताची ती पानं, वादळात वाळू वाहून जाण्यापासून तोच ढीग वाचवतो. सडका वास येतो, तिथून पन्नास पावलं पुढे जाऊन बसा.

बाबांसाठी: सालोऊच्या मुख्य किनाऱ्यावर वाळूत फळ्यांच्या वाटा टाकलेल्या असतात, पण त्या पाण्यापासून काही मीटर अलीकडे संपतात. शेवटचा तुकडा सैल वाळूचा, तिथे हात धरायला माणूस हवा. मोठ्या चाकांच्या पाण्यात जाणाऱ्या खुर्च्याही नगरपालिका ठेवते, हंगामात जीवरक्षक मदत करतात. तुमच्या तारखांना ती सोय चालू आहे का, हे हॉटेलऐवजी पर्यटन कार्यालयाला विचारा. भरती-ओहोटीची चिंता नको, भूमध्य समुद्रात तिथे पाणी वीतभरच वर-खाली होतं. सकाळी दहाला छत्री जिथे रोवाल तिथेच संध्याकाळपर्यंत कोरडे बसाल. वारा तेवढा दुपारी बारानंतर समुद्राकडून वाढतो. छत्रीचा दांडा वारा येतो त्या बाजूला किंचित कलता, निदान दीड-दोन वीत खोल रोवा आणि बुडाशी ओली वाळू दाबा, कोरडी नको.

निळीछत्री:

हॉटेलचं उत्तर आलं. "प्लातो दे दुचा" दोन्ही खोल्यांत निश्चित, आतून दारही आहे. पण खोल्या तिसऱ्या मजल्यावर, तलावाच्या बाजूला. सहाव्या मजल्यावर मागच्या रस्त्याकडे तशाच दोन आहेत म्हणतात, समुद्र दिसणार नाही.

बाल्कनी_सातवा_मजला:

सहावा घ्या. लिफ्ट किती आहेत तेवढं विचारा. नाश्त्याच्या वेळी एकाच लिफ्टवर सहा मजले म्हणजे रोज दहा मिनिटं उभं राहणं, आणि तिथे बाबांना बसायला काही नसतं.